आयपी ६५ चा ८-वे डीबी बॉक्स: कोकणातल्या पडवीत टिकेल का?

टिकेल, पण भिंत नीट निवडली तर. (डीबी म्हणजे वीज वेगवेगळ्या लाइनींना वाटणारा डबा, ८-वे म्हणजे त्यात आठ ब्रेकरची जागा, आणि आयपी ६५ म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा अडवणारा.) हा डबा पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा; ते गंजत नाही, ही किनाऱ्यावर मोठी जमेची बाजू. पत्र्याचा डबल डोअर डीबी खाऱ्या हवेत बिजागरीपासून सडत जातो. झाकणाची रबरी पट्टी पाऊस चांगला अडवते. पाणी शिरतं ते वरून केबल घेतल्यामुळे. केबल खालूनच घ्या, प्रत्येकीला मापाची ग्लँड (केबल घट्ट धरून भोक बंद करणारी चकती-नट) लावा आणि ग्लँडआधी थोडा झोल द्या, म्हणजे थेंब तिथेच गळतात. एखादं भोक उघडं राहिलं की मुंग्या आणि पाली आत. ओलीने न्यूट्रल लिंकवर (सगळ्या न्यूट्रल वायरी जोडायच्या पितळी पट्टीवर) हिरवट थर चढतो, आणि स्क्रू सैल असेल तर तिथेच वायर तापून काळी पडते.

पश्चिमेची भिंत टाळाच. घरगुती एमसीबीचं (जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचचं) रेटिंग ३० अंश सेल्सिअसला धरलेलं असतं. उन्हात बंद डबा त्याहून बराच तापतो, मग १६ अँपिअरचा एमसीबी नेहमीच्या लोडवरही पडतो.

म्हणून बाहेरच्या डब्यात फक्त पंप आणि अंगणातल्या दिव्यांच्या लाइनी, ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीसह (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). घराचा मुख्य डीबी आत, मोकळ्या पॅसेजमध्ये, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर. बाथरूमच्या ओल्या भिंतीवर नको.