मेरेसांख तिसरीच्या थडग्याची डिजिटल सफर: सात महिन्यांनंतर

प्राचीन इजिप्तची राणी मेरेसांख तिसरी हिच्या थडग्याची ही ऑनलाइन सफर. गेल्या अपडेटनंतर तिच्यात दारावरचा कोरीव मजकूर आणखी धूसर दिसतोय, म्हणून आता सविस्तर. गिझाचा पूर्वेकडचा दफनपट्टा, १९२७ मध्ये अमेरिकन पुरातत्त्वज्ञ रायझनरच्या पथकाला सापडलेलं थडगं, खाली उतरून तीन खोल्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मुद्दा द्वारशाखांचा, म्हणजे दाराच्या दोन बाजूंच्या उभ्या दगडांचा. एका शाखेवर राणीच्या मृत्यूची तारीख आहे: वर्ष १, शेमूचा पहिला महिना, दिवस २१. दुसरीवर दफनाची: वर्ष २, पेरेटचा दुसरा महिना, दिवस १८. शेमू, आखेत, पेरेट हे इजिप्शियन वर्षाचे चार-चार महिन्यांचे ऋतू, महिना ३० दिवसांचा. हिशोब करून बघा. शेमूच्या त्या महिन्याचे ९ दिवस, पुढच्या तीन महिन्यांचे ९०, वर्षाअखेरचे जादा ५, आखेतचे १२०, पेरेटचे ३० आणि १८. एकूण २७२. जादा ५ विसरलात तर २६७ येतात, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. ममीकरणाची ७० दिवसांची मुदत आपण धरून चालतो. इथे जवळजवळ चौपट वेळ गेलाय, आणि कारण कुठेच लिहिलेलं नाही. राजाचं नावही नाही, त्यामुळे ही वर्षं कोणाच्या राज्याची यावर अजून वाद आहे.

एवढा मोलाचा मजकूर, आणि सफरीत थांबून बघायची जागा एक जिन्याच्या वर, दुसरी थेट आत! शाखा तिरप्याच दिसतात, झूम केलं की रंगाचे ठिपके उरतात. पहिल्या महिन्यात या एका कारणासाठी सफरीला पाचपैकी दोन तारे दिले होते.

उत्तरेच्या खोलीने मत बदललं. खडकात कोरलेल्या दहा स्त्रिया रांगेत उभ्या आहेत, उंची कमी-जास्त, कोणाच्याही अंगावर नाव नाही. थांबायची जागा इतकी नेमकी आहे की दहाही एकाच चौकटीत मावतात, आणि कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर आहे तेही मोजता येतं. छापील फोटोत हे जमत नाही.

पश्चिमेच्या खोलीत सुमारे ५ मीटर खोल दफनाची विहीर आहे. सफरीत तिचं फक्त तोंड दिसतं. काळ्या ग्रॅनाइटची शवपेटी कैरोच्या संग्रहालयात आहे, ते सफरीतल्या माहितीच्या टिपेत नाही, मग बघणाऱ्याला वाटतं राणीचं काहीच उरलं नाही. ती पेटी मुळात आईसाठी, हेटेफेरेस दुसरीसाठी घडवलेली. ती मुलीला दिल्याचं पेटीवरच कोरलंय. आईने आपली पेटी लेकीला द्यावी, याहून मोठी गोष्ट या थडग्यात नाही, आणि तिलाच टीप नाही.

डेटाची काटकसर करायची असेल तर मोबाइलवर सफर करू नका. जागा बदलली की सगळं पुन्हा डाउनलोड होतं. लॅपटॉपवर वायफायने उघडा, एका जागी पूर्ण चित्र येईपर्यंत थांबा, मग फिरवा. सध्या साडेतीन तारे. जिन्याच्या पायथ्याशी एक जागा वाढवली की अर्धा आणखी. तोवर या थडग्याच्या १९७४ च्या उत्खनन अहवालाची मोफत पीडीएफ शेजारी उघडून ठेवा. दाराच्या रेखाचित्रात दोन्ही तारखा स्वच्छ वाचता येतात.