लिचेसचा स्टडी आणि ओपनिंग एक्सप्लोरर: पैसे भरायच्या आधी हे वापरून बघा

बुद्धिबळातली ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या चाली) शिकायला महागडा कोर्स घ्यायच्या आधी लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवरचा स्टडी, म्हणजे डाव टाकून त्यावर टिपा लिहायची वही, नीट वापरा असं मी भेटेल त्याला सांगतो. फुकट आहे, जाहिराती नाहीत, सगळं देणग्यांवर चालतं.

मी त्यात कास्पारोव्ह (पांढरा) विरुद्ध टोपालोव्ह (काळा), वाइक आन झे (नेदरलँड्समधली स्पर्धा) १९९९ हा डाव टाकला. सगळे यातलं २४व्या चालीचं हत्तीचं बलिदानच बघतात, आणि ते भन्नाट आहेच, पण एक्सप्लोरर (आधीच्या डावांत इथे कुठल्या चाली खेळल्या गेल्या ते दाखवणारा तक्ता) उघडा ठेवून पहिल्यापासून एकेक चाल लावत गेलं ना की कळतं याची मुळं ओपनिंगमध्येच आहेत. काळ्याने खेळलेली ओपनिंग म्हणजे पिर्क डिफेन्स. पांढऱ्याचा उंट ई३ला, वजीर डी२ला, मग एफ३, आणि काळा कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आड सुरक्षित नेणं) सोडून सी६, बी५ ढकलतोय. आठव्या चालीला उंट एच६, उंटाला उंट मारून झाला आणि पांढरा वजीर एच६वर येऊन बसला. तिथून त्याचा मारा थेट एफ८वर, म्हणजे काळ्याला त्या बाजूला कॅसलिंग करताच येत नाही! मग टोपालोव्ह वजिराच्या बाजूला कॅसल करतो आणि पुढे त्याच राजाला ए७, ए५, ए४ असं ओढत ओढत कास्पारोव्ह पार पांढऱ्याच्या पहिल्या ओळीत नेतो. केवढा डाव आहे राव!

एक्सप्लोररमध्ये मास्टर्सचा डेटाबेस निवडा. चाली पुढे जातात तसे डाव कमी होत जातात, थिअरी, म्हणजे आधीपासून माहीत असलेल्या चाली, कुठे संपत आली ते दिसतं. फक्त ते जिंकल्या-हरल्याचे टक्के बघून चाल निवडू नका, त्यात कारण कुठेच लिहिलेलं नसतं. ती कमी आहेच या टूलमध्ये.

आणि स्टॉकफिश (सर्वोत्तम चाल सांगणारं कॉम्प्युटर इंजिन) आधी बंद ठेवा प्लीज. २४व्या चालीला टोपालोव्हने हत्ती मारला, त्याऐवजी राजा बी६ला नेला असता तर डाव सांभाळता आला असता, इंजिन हे लगेच सांगतं, पण स्वतः शोधायची मजाच जाते मग.

क्लास घेणाऱ्यांनी स्टडीच्या चॅप्टरमध्ये पुढच्या चाली लपवायची सोय आवर्जून वापरा, पोरांना चाल ओळखायला लावा, बाण काढा, कॉमेंट लिहा, लिंक पाठवा. माझ्याकडून पाचपैकी पाच.