लेसोथोची पेटी: काही महिने वापरल्यानंतर

मुलांना एकेका देशाची ओळख करून देणाऱ्या पेट्या मिळतात, त्यातली लेसोथोची आम्ही जूनमध्ये मागवली. दिवाळी उलटली तरी ती अजून माळ्यावर गेलेली नाही. मुलगी चौथीत, मुलगा पहिलीत.

नकाशा उठावाचा आहे. चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिका आणि मधे हा डोंगराळ देश. सगळ्यात सखल जागाही 1,400 मीटरवर आणि थाबाना न्त्लेन्याना शिखर 3,482 मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. जून-जुलैत तिथे बर्फ पडतं हे वाचून मुलगी चक्रावलीच. लोकरी ब्लँकेट पांघरून घोड्यावर बसलेल्या माणसाचं चित्र त्यामुळे तिला लगेच पटलं.

पण पेटीचा जीव आहे मोराबाराबात. आपल्या नवकांकरीचाच हा भाऊबंद. आपल्याकडे नऊ सोंगट्या, तिथे बारा, आणि त्यांना म्हणायचं गायी. पटावर तिरप्या रेघाही असतात, त्यामुळे तीन गायी ओळीत आणायच्या वाटा वाढतात. तीन जुळल्या की समोरच्याची एक गाय मारायची. तीनच उरल्या की त्या कुठेही उडी मारू शकतात, आणि इथेच हरत आलेला धाकटा बाजी फिरवतो. आजी-आजोबाही खेळायला बसतात. गायी मात्र पातळ पुठ्ठ्याच्या होत्या, महिन्याभरात दुमडल्या. आता एकाचे चिंचोके, दुसऱ्याच्या कवड्या.

राजा मोश्वेश्वेची गोष्ट छान सांगितली आहे. 1824 मध्ये तो आपल्या माणसांना घेऊन थाबा बोसिऊ या सपाट माथ्याच्या डोंगरावर गेला, लढायांनी देशोधडीला लागलेल्यांना आसरा दिला, आणि डोंगर कधी शत्रूच्या हाती पडू दिला नाही. दिवाळीत आमच्या अंगणात किल्ला झाला तो थाबा बोसिऊ! कडे मातीचे, वर अळीव पेरलेलं, माथ्यावर गुरं आणि शेणाचा गोठा.

खाण्याच्या कार्डावर मोतोहो आहे, ज्वारीचं पीठ आंबवून केलेली पेज. आमच्या सासूबाईंनी नुसतं वाचून आंबील केली, मुलांनी वाटीभर प्यायली.

खटकलं ते स्टिकरचं पान. सिंह, जिराफ, ताडाची झाडं! डोंगरातल्या मेंढ्या, अंगोरा शेळ्या आणि बासुतो जातीची काटक घोडी सोडून हे कशाला? आफ्रिका म्हणजे जंगल ही समजूत मोडायलाच तर पेटी घेतली होती. दुसरं, मेंढ्या राखणाऱ्या मुलांचं हसरं चित्र आहे, पण त्यातल्या कित्येकांची शाळा बुडते याबद्दल एक ओळ नाही. “हा शाळेत कधी जातो?” हे मुलीनेच विचारलं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना असं खरं सांगितलेलं झेपतं, सांगावंच. कात्से धरणाचं पाणी दक्षिण आफ्रिकेला विकलं जातं, हे मात्र नीट समजावलंय.

सात वर्षांच्या पुढच्यांसाठी जरूर घ्या. त्याहून लहानांना वाचून दाखवावं लागेल. आणि सोंगट्या घरच्याच वापरा.