हवाई टॅक्सी: ठरावीक अंतर की बदलते अंतर?

विमानतळाच्या परिसरात रडारच्या देखरेखीखाली उडणाऱ्या विमानांत साधारणतः 3 सागरी मैलांचे, म्हणजे साडेपाच किलोमीटरचे आडवे किंवा 1,000 फुटांचे उभे अंतर राखतात. न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर विजेवर उडणाऱ्या हवाई टॅक्सींना हाच नियम लावल्यास मॅनहॅटनच्या किनाऱ्यालगत एका उंचीवर, एका दिशेने जेमतेम चार-पाच टॅक्सी मावतील. सेवा नावापुरतीच उरेल.

वेग व दिशेनुसार बदलणारे अंतर अधिक तर्कशुद्ध आहे, कारण ताशी 240 किलोमीटर वेगाने समोरासमोर येणाऱ्या टॅक्सी सेकंदाला 133 मीटरने जवळ येतात, तर समान वेगाने मागोमाग जाणाऱ्या मुळीच येत नाहीत. मात्र सारी भिस्त अंतर मोजणाऱ्या उपकरणांवर राहते; ती निकामी झाल्यास नुसत्या नजरेवर विसंबणे धोक्याचे. 2009 मध्ये याच नदीवर, वैमानिकांनी एकमेकांना पाहून टाळण्याच्या व्यवस्थेत, विमान व हेलिकॉप्टर धडकून 9 जण दगावले. म्हणून बदलते अंतर तूर्त एकदिशा मार्गांपुरतेच असावे.