नवा लॅपटॉप बिघडला तर: पुण्यातल्या चार खिडक्या आणि कुठली किती उघडी

पुण्यात बिलाच्या तळाशी, नाहीतर गल्ल्यामागच्या पाटीवर एक वाक्य हमखास सापडतं: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' सदोष मालाच्या बाबतीत या वाक्याला काडीचीही किंमत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सांगतो की सदोष वस्तू बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हेही त्याच यादीत बसतं. ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली याच शहरात सुरू केली. पाटी तरी टिकून आहे, कारण ती वाचून बरेच जण निमूट दुकानाच्या पायऱ्या उतरतात.

तर नवाकोरा लॅपटॉप पहिल्या पंधरवड्यातच बिघडला की जायला चार जागा असतात: दुकान, कंपनीचं सर्व्हिस सेंटर, १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि जिल्हा ग्राहक आयोग.

दुकानाला आम्ही दहापैकी चार देऊ. 'आम्ही फक्त विकतो, कंपनीशी बोला' हे काउंटरवरचं ठरलेलं उत्तर. कायद्याने ते चुकीचं आहे, कारण पैसे दुकानदाराने घेतलेत आणि जबाबदारी त्याचीही आहे. पण व्यवहारात त्याचीही एक अडचण असते. कंपनी त्याच्याकडून मशीन परत घेते ती सर्व्हिस सेंटरच्या डीओए पत्रावर. डीओए म्हणजे डब्यातून निघतानाच बिघडलेलं मशीन. ही मुदत कंपनीगणिक वेगळी आणि बरीच आखूड असते, बऱ्याचदा जेमतेम आठवडा-दहा दिवसांची. म्हणून आधी सर्व्हिस सेंटर, मग पत्र घेऊन दुकान, हा क्रम पाळावा. सर्व्हिस सेंटरला गेल्यावर पहिलं वाक्य 'दुरुस्ती नको, डीओए तपासणी करून लेखी द्या' हेच असावं. तिथल्या मुलाने तत्परतेने मागचं झाकण उघडून पार्ट बदलला की मशीन 'दुरुस्त झालेलं' ठरतं आणि बदलून मिळण्याचा सोपा रस्ता तिथेच बंद होतो. ही तत्परता नेमकी याच मुदतीत कशी उफाळून येते, हे कोडंच आहे.

मुदत आखूड असल्यामुळे तपासणी पहिल्या दोन दिवसांत उरकावी. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक स्पेस, तिरपी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप केलं की बॅटरीचा अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. नव्या बॅटरीत या दोन आकड्यांत फारसा फरक नसावा आणि चार्जिंगच्या आवर्तनांचा आकडा शून्याच्या आसपास असावा. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये एसएसडी, म्हणजे आतली साठवणुकीची डिस्क, किती तास चालली ते कळतं. सीलबंद डब्यातल्या मशीनवर शेकडो तास दिसले तर ते दुकानात मांडून ठेवलेलं किंवा परत आलेलं असण्याची शंका घ्यावी. कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकून वॉरंटीची सुरुवात बिलाच्या तारखेशी जुळते का तेही पाहावं. कित्येकदा ती आधीच सुरू झालेली असते. बिल पाठवलं की ती दुरुस्त होते, पण मागणी आपण करावी लागते.

सर्व्हिस सेंटर ही खरी महत्त्वाची खिडकी, कारण पुढचं सगळं प्रकरण तिथल्या एका कागदावर उभं राहतं: जॉबशीट, म्हणजे मशीन जमा करताना तक्रार नोंदवलेली पावती. काउंटरवरचा माणूस तिच्यावर 'लॅपटॉप चालत नाही' एवढंच लिहितो. ते चालवून घेऊ नये. 'सुरू केल्यावर १० ते १५ मिनिटांत स्क्रीन काळी, पंखा चालू राहतो, पॉवर बटण १० सेकंद दाबून धरल्यावरच बंद होतो' असं लिहायला लावावं. अधूनमधून येणाऱ्या दोषावर तंत्रज्ञ तासभर मशीन चालवून 'दोष आढळला नाही' असा शेरा मारतो, आणि तो शेरा पुढे आपल्यावरच उलटतो. त्याला उतारा म्हणजे दोष दिसत असतानाचा सलग व्हिडिओ, ज्यात तळाचा सिरीयल नंबरही येतो. विंडोजच्या रिलायबिलिटी मॉनिटरमध्ये कोणत्या दिवशी काय कोलमडलं ते लाल फुल्यांसकट तारखेवार असतं. त्याचाही फोटो ठेवावा. जॉबशीटवर बाहेरच्या स्थितीचा रकाना कोरा सोडू नये. 'ओरखडे नाहीत, द्रव सांडल्याच्या खुणा नाहीत' असं लिहून घ्यावं आणि चारही बाजूंचे फोटो तिथेच काढावेत. आठवड्याने 'पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही' असं कळवलं गेलं तर हाच रकाना कामाला येतो.

मदरबोर्ड बदलायचा ठरला तर एक गोष्ट आधी करून ठेवावी. विंडोज ११ मध्ये बऱ्याच मशीनवर एन्क्रिप्शन, म्हणजे डेटाला सांकेतिक कुलूप, आपोआप चालू असतं आणि त्याची किल्ली बोर्डावरच्या टीपीएम या सुरक्षा चिपला बांधलेली असते. बोर्ड बदलला की स्क्रीन ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मशीन देण्यापूर्वी लिहून घेतली नाही आणि खात्याचा पासवर्डही आठवत नसेल तर डेटा गेला. मशीन परत घेताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये) जुनाच सिरीयल नंबर नव्या बोर्डावर चढवलाय का ते पाहावं. तो रिकामा राहिला तर पुढच्या बिघाडाच्या वेळी वॉरंटी शोधूनही सापडत नाही. एसएसडी वॉरंटीत बदलली की जुनी बहुधा परत देत नाहीत, तेव्हा बॅकअप आधीच. मुळात प्रत्येक फेरीला नवी जॉबशीट घ्यावी, 'जुन्याच नंबरवर बघतो' याला नकार द्यावा. एकाच दोषाच्या तीन जॉबशीट्स हा उत्पादनातल्या दोषाचा बोलका पुरावा असतो. या खिडकीला सहा गुण, जॉबशीट नीट लिहून घेतली तर.

तापकीर गल्लीतून सुटे भाग घेऊन जोडलेल्या पीसीचं गणित वेगळं. तिथे पूर्ण मशीनची वॉरंटी नसते. प्रोसेसर, रॅम, एसएसडी, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) प्रत्येकाची आपापली. बिलावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर हवाच. १८ टक्के जीएसटी वाचवायला साध्या चिठ्ठीवर घेतलेल्या ग्राफिक्स कार्डाचं पुढे काही होत नाही.

ऑनलाइन खरेदीबद्दल थोडक्यात. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण द्यायचं असतं. दारात डबा उघडून दाखवल्यावर ओटीपी दिला म्हणजे आतला दोषही मान्य केला, असं होत नाही. 'ओटीपी दिलात ना?' हे चॅटवरचं उत्तर झुगारून द्यावं.

१९१५ ही हेल्पलाइन फुकट आहे, मराठीत बोलता येतं, व्हॉट्सॲपवरूनही तक्रार नोंदवता येते. पण ते न्यायालय नाही. तक्रार कंपनीकडे ढकलणं आणि पाठपुरावा करणं एवढंच त्यांच्या हातात. पैसे परत करायचं कबूल करूनही अडकले असतील, बदली मशीन रखडलं असेल, अशा सरळ प्रकरणांत ती छान चालते. 'दोष आहे' आणि 'दोष नाही' असा वाद असेल तर कंपनी आपलं जुनंच उत्तर चिकटवते आणि तक्रार बंद झाल्याचा मेसेज येतो. तरीही डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घेऊन ठेवावा, पुढे जोडायला उपयोगी पडतो. सहा गुण.

आयोगाला आम्ही एकूण सात देऊ, वेगासाठी मात्र तीनच. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. लॅपटॉप बंगळुरूच्या विक्रेत्याने पाठवला असला तरी तुम्ही पुण्यात राहता किंवा काम करता म्हणून तक्रार पुण्यात करता येते. कारण घडल्यापासून मुदत २ वर्षं. वकील लागत नाही. आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार, शपथपत्र, बिल, जॉबशीट्स आणि ईमेल पीडीएफ करून चढवायच्या. त्याआधी १५ दिवसांची मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी; सक्ती नाही, पण तुम्ही संधी दिलीत हे कागदावर येतं. ईमेल आणि व्हॉट्सॲपच्या प्रिंटबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं.

लोक इथे नेहमी दोन चुका करतात. पहिली, फक्त दुकानदाराला प्रतिवादी करणं. दुकानदार उभा राहून म्हणतो, दोष उत्पादनात आहे, आणि उत्पादक तर समोर नाही. विक्रेता, भारतातली उत्पादक कंपनी, सर्व्हिस सेंटर आणि ऑनलाइन असेल तर प्लॅटफॉर्म, सगळ्यांना जोडावं. दुसरी चूक फर्मच्या नावाने बिल घेऊन जीएसटीचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) उचललेल्यांची. कंपनी लगेच 'व्यापारी उद्देशाने घेतलंय, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही' हा मुद्दा काढते. एकट्याने काम करून त्यावर पोट भरणाऱ्याला कायद्यात अपवाद आहे, पण घरून काम करणाऱ्या डिझायनरने किंवा प्रोग्रॅमरने 'स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी' हे शब्द तक्रारीतच घालावेत. नंतर सांगितलं तर पटवणं जड जातं.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तराला ३० दिवस, आणखी फार तर १५. कंपनीने दोष नाकारला तर मशीन प्रयोगशाळेत तपासायला पाठवता येतं, खर्च आधी तक्रारदाराने भरायचा. कायदा निकालाला ३ महिने, तपासणी लागली तर ५ महिने म्हणतो. तारखा पडत गेल्या की हे आकडे कागदावरच राहतात. सुनावणी व्हिडिओवर मागता येते, त्यामुळे दर तारखेला रजा टाकायची गरज नाही. मागणी लिहिताना 'पूर्ण किमतीचा परतावा, नाहीतर त्याच दर्जाचं नवं मशीन' असे दोन्ही पर्याय ठेवावेत. दोष दुरुस्त होण्यासारखा असेल तर आयोग आधी दुरुस्तीकडे झुकू शकतो, आणि तिथेच त्या तीन जॉबशीट्स कामाला येतात. आदेश होऊनही पैसे आले नाहीत तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ खाली अर्ज करता येतो. त्यात महिन्यापासून ३ वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५ हजारांचा दंड आहे.

आणि हप्त्यावर घेतला असेल तर मशीन कपाटात बंद पडून असलं तरी ईएमआय थांबवू नये. कर्ज बँकेचं आहे, वाद विक्रेत्याशी. हप्ता चुकला की सिबिल तुमचंच खाली येतं. भरलेलं व्याज आणि प्रोसेसिंग फी मात्र नुकसानभरपाईच्या मागणीत जरूर धरावी.