फोनचे एसएमएस कॉम्प्युटरवर: आठ महिने वापरून झाल्यावर

दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, महाडीबीटी, पोट्ट्यांचे परीक्षेचे फॉर्म. व्हॉट्सॲपच्या काळात एसएमएस कोण करतं, असं कोणी विचारेल. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांजवळ अजून बटणाचाच फोन आहे. ते नातवाला सांगून गट नंबर धाडतात आणि मी तो फोनमध्ये बघून कॉम्प्युटरवर टाइप करायचो. एकदा 112 चं 121 झालं आणि एका काकाजींच्या हातात दुसऱ्याच्याच वावराचा सातबारा दिला. त्या दिवशी ठरवलं, मेसेज कॉम्प्युटरवरच पाहिजे, म्हणजे कॉपी केलं, चिकटवलं, झालं.

जूनपासून गुगल मेसेजेसचं वेब पान वापरतोय. ही सोय 2018 पासून आहे, मला कळायला उशीर झाला. फोनमध्ये मेसेजसाठी तेच ॲप मुख्य म्हणून निवडायचं, त्यातल्या ‘डिव्हाइस पेअरिंग’मधून कॉम्प्युटरवरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा, दोन मिनिटांचं काम. एक गैरसमज मलाही होता: फोन आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर असावे लागतात. तसं काही नाही. दोघांना आपापलं नेट मिळालं की पुरे. मेसेज मात्र फोनमधूनच येतो-जातो, एसएमएस तुमच्याच सिममधून कटतो. कॉम्प्युटरवर दिसतो तो आरसा.

पहिले पंधरा दिवस झकास. मग बाजाराच्या दिवशी एक आजोबा काउंटरवर हात ठेवून उभे. “सकाऊनच तं मेसेज धाडला ना भाऊ, पाह्यला नाही काय?” स्क्रीनवर शेवटचा मेसेज आदल्या संध्याकाळचा. मी पान रिफ्रेश केलं, ब्राउझर बंद करून उघडला, क्यूआर पुन्हा स्कॅन करायला ड्रॉवरमधून फोन काढला. फोनचं बटण दाबलं मात्र, कॉम्प्युटरवर टकाटक चार मेसेज पडले. आजोबांचा गट नंबर त्यात होताच. “आला नं?” म्हणाले, जणू त्यांनीच दुरुस्त केलं.

मला खरा धागा तिथं सापडला. दोष कॉम्प्युटरचा नव्हताच. ड्रॉवरमध्ये पडलेला फोन बॅटरी वाचवायला ॲपला झोपवत होता. एसएमएस फोनवर येत होता, पण ॲपला तो नेटवरून पुढं ढकलू दिला जात नव्हता. सेटिंगमध्ये ॲप्स, त्यात मेसेजेस, त्यात बॅटरी, तिथं ‘अनरिस्ट्रिक्टेड’ केलं. डेटा सेव्हर चालू होता, त्यातूनही या ॲपला सूट दिली. माझ्या फोनात ॲपला आपोआप चालू होऊ देणारा ‘ऑटोस्टार्ट’ नावाचा वेगळा खटका आहे, तोही चालू केला. मग तपासणी: फोन लॉक करून अर्धा तास हात लावला नाही आणि बायकोला तिच्या फोनवरून मेसेज करायला लावला. चहा पिता पिता स्क्रीनवर ‘दूध संपलं’ उमटलं. तुम्हीही अशीच तपासणी करा. सेटिंग बदलल्याबरोबर केलेली तपासणी खोटी असते, कारण तेव्हा फोन जागाच असतो.

दुसरी भानगड माझीच. रोज सकाळी जोडणी तुटलेली असायची. गिऱ्हाइकांचे लॉगिन मागं राहू नयेत म्हणून मी ब्राउझर बंद होताच कुकीज, म्हणजे साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा, पुसायचं सेटिंग केलं होतं. त्याच कुकीजमध्ये ही जोडणीही असते. आता मेसेजसाठी दुसरा ब्राउझर ठेवलाय, त्यात काही पुसत नाही. पान दोन टॅबमध्ये उघडलं तर एकच चालतं, दुसरीकडे ‘इथे वापरा’ असं विचारतं. तो बिघाड समजू नका.

तिसरा प्रकार जुलैच्या शेवटी, विम्याच्या घाईत. साठेक लोकांना एकेक करून मेसेज टाकत होतो आणि पन्नासच्या आसपास सगळ्यांवर ‘पाठवला नाही’. मी तीनदा जोडणी तोडली, तीनदा जोडली, स्वतःवरच चिडलो. सकाळी उठलो तर सगळं आपोआप सुरळीत. रिचार्जमध्ये दिवसाला 100 एसएमएस मिळतात आणि ते संपले होते. पण पन्नासात शंभर कसे संपले? इथं मराठी आडवी येते. इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त 70, आणि काना-मात्रा-वेलांटी प्रत्येक वेगळी मोजतात. माझा मेसेज असा होता: ‘आपला सातबारा तयार आहे. येताना आधार व बँक पासबुकची झेरॉक्स आणावी.’ मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून मोजलं तर 64. म्हणजे एकातच बसतो. पण मी हौसेनं शेवटी दुकानाचं नाव टाकायचो, की एकाचे दोन. नाव काढून टाकलं. गावात नंबर सगळ्यांना माहीत आहे, नाव कायले पाहिजे?

लाइन गेली की राउटर बंद पडायचा. तो इन्व्हर्टरवर घेतला, विषय संपला.

मध्यंतरी एक दुसरं ॲपही वापरून पाहिलं. त्यात काही माणसांचे मेसेज दिसत, काहींचे नाहीत. नंतर लक्षात आलं, न दिसणारे सगळे नव्या फोनवाले. त्यांचे मेसेज एसएमएस नसून नेटवरून येणारे आरसीएस होते आणि ते ॲप फक्त एसएमएस ओढत होतं. गुगल मेसेजेसच्या पानावर दोन्ही दिसतात, म्हणून परत आलो.

सावधगिरीची एक गोष्ट. माझा मॉनिटर गिऱ्हाइकाकडे अर्धा वळलेला असतो. एकदा बँकेतल्या शिल्लक रकमेचा मेसेज आला आणि समोरचा पोट्टा मोठ्यानं वाचायला लागला. तेव्हापासून ती खिडकी लहान करून ठेवतो आणि सूचनेत मजकूर दिसणं बंद केलंय. ओटीपीसुद्धा याच पानावर येतात, तेव्हा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ‘हा कॉम्प्युटर लक्षात ठेवा’ चालू ठेवू नका. डिसेंबरात माझा सीपीयू दुरुस्तीला यवतमाळला गेला, तेव्हा एसटीत बसल्या बसल्या फोनमधूनच जोडणी तोडली.

त्याच महिन्यात फोनला अपडेट आलं आणि बॅटरीचं सेटिंग गुपचूप पहिल्यासारखं झालं. पुन्हा तेच, मेसेज अडकलेले. या वेळी क्यूआरला हात लावला नाही, सरळ बॅटरीत गेलो. दोन सिमचं मात्र अजून बसत नाही. उत्तर कधी कधी घरच्या नंबरवरून जातं, मग लोक रात्री नऊला घरच्या फोनवर विचारतात, “भाऊ, माहा सातबारा झाला काय?”