कॅमेऱ्याचा भाता बदलायला पेटीवाल्या काकांकडे गेलो, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण काकांनीच हात जोडले, म्हणाले "पेट्याच उरकत नाहीत, त्यात तुमचे कॅमेरेवाले नकोत रांगेत". पुण्यात पेठेतलं पेटी-तबला दुरुस्तीचं दुकान आहे एवढं पुरे, ज्याला खरंच अडलंय तो शोधतो बरोबर.

कॅमेरा आजोबांचा. कराडला स्टुडिओ होता त्यांचा, तिथला वागीश्वरी, म्हणजे आपल्याच देशात बनलेला लाकडी स्टुडिओ कॅमेरा, हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचाची निगेटिव्ह. सागवानी खोका, पितळी स्क्रू, डोक्यावर काळं फडकं घेऊन बघायचं, लेन्सची टोपी काढायची आणि एक दोन तीन मोजून परत लावायची. शाळांचे ग्रुप फोटो, लग्नानंतरचे जोडीचे फोटो सगळे त्यावर काढलेले. मग स्टुडिओ बंद झाला आणि कॅमेरा माळ्यावर गेला. मी खाली काढला तेव्हा लाकूड ठणठणीत, पितळ ब्रासोने घासलं की चकाचक, लेन्सवरची बुरशी बरीचशी पुसून निघाली, पण भात्याचे बारा वाजलेले. भाता म्हणजे बेलोज हो, लेन्स आणि मागची काच यांच्या मधला तो घड्या घड्यांचा बोगदा. आमच्याकडे आजोबा भाताच म्हणायचे.

रात्री घरातले दिवे बंद करून लेन्सला टोपी लावली, मागची काच काढून आत टॉर्च सोडला, आणि खोलीत आकाशकंदील लावल्यासारखं झालं. सदतीस भोकं मोजली आणि मग नाद सोडला. जवळजवळ सगळी कोपऱ्यांवर, कारण घडी तिथेच दोन्हीकडून मुडपते आणि कापड तिथेच आधी मरतं. लोक म्हणतात सुईएवढ्या भोकाने काय होतंय, तर इथे एकदा डार्क स्लाइड, म्हणजे फिल्मवरचं सरकतं झाकण, ओढली की अख्खी फिल्म त्या खोक्यात उघडी पडलेली असते, तुम्ही टोपी काढून लावून परत स्लाइड सरकवेपर्यंत ते भोक आपलं आत उजेड ओततच असतं. पहिलाच फोटो आजीचा काढला, आणि प्रिंटवर तिच्या नाकावरून कानापर्यंत पांढरा पट्टा. आजी म्हणाली विभूती लावलीय का मला.

आधी सगळे करतात तेच केलं, कोपऱ्यांना आतून काळी टेप आणि वरून काळा फॅब्रिक कलर. महिनाभर चाललं. मग मे महिना आला, टेपचा गोंद पाघळला आणि घड्या एकमेकींना चिकटल्या, उघडताना आणखी फाटलं. तात्पुरतं एका रविवारचं शूट असेल तर टेप ठीक आहे, त्यापुढे नाही.

मग ऑनलाइन चीनहून तयार भाता मागवला, कस्टम धरून साडेसहा हजार. विक्रेत्याचं नाव घेत नाही, माल खरं तर वाईट नव्हता, टॉर्च लावला तर एक ठिपका दिसला नाही. पण तो सरळ चौकोनी, आणि माझा निमुळता, मागे रुंद पुढे अरुंद. निमुळता का असतो तर मिटताना घड्या एकीत एक बसतात आणि कॅमेरा चपटा होतो. हा चौकोनी मिटला तरी सहा सेंटीमीटर उरायचा, झाकण लागायचंच नाही, आणि लेन्सच्या पुढच्या फळीला तो रुंद तोंडाचा भाता लावायचा कसा हा वेगळाच प्रश्न. लिस्टिंगमध्ये "फिट्स मोस्ट" लिहिलेलं, ते मोस्ट कोण देव जाणे. परत पाठवायचा खर्च बघितला आणि कपाटात ठेवून दिला. इंग्लंडमध्ये मापाने शिवून देणारे आहेत, त्यांचा आकडा कुरियर धरून वीस हजाराच्या पुढे गेला. काम चांगलंच करत असतील, पण माझ्या अख्ख्या कॅमेऱ्याला कोणी तेवढे देणार नाही.

पेटीवाल्याकडे जायचं सुचलं ते या कॅमेऱ्याच्याच जन्मकथेवरून. वागीश्वरी केरळातल्या अलेप्पीचा, के. करुणाकरन यांनी १९४० च्या दशकात बनवायला घेतला. त्यांच्या वडिलांचं काम वाद्यं बनवायचं आणि दुरुस्त करायचं, तिथे गावातले एक फोटोग्राफर आपल्या परदेशी कॅमेऱ्याचा फाटका भाता घेऊन आले, तो करुणाकरन यांनी करून दिला, आणि भाता जमतोय तर अख्खा कॅमेराच का नको असं होत होत वागीश्वरी देशभरातल्या स्टुडिओंत पोचला. म्हटलं मग आपणही वाद्यवाल्याकडेच जावं.

काकांनी खोका हातात घेतला, भाता दोनदा दाबला आणि कान लावला. "सगळीकडून हवा जातेय."

म्हटलं, "काका, हवा जाऊ दे, उजेड आत यायला नको."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पेटीत पाणी ओतायला सांगितलंय. आयुष्यभर हवा न सुटणारे भाते बनवलेला माणूस तो. कॅमेऱ्याचं उलटं असतं, भाता फार घट्ट झाला तर उघडताना आत पोकळी होते आणि घड्या पोटात ओढल्या जातात, फोटोची कड खातात. फळीच्या फटीतून, लेन्सच्या कडेने थोडी हवा यायलाच हवी. हे त्यांना पटवायला एक चहा गेला.

पहिला नमुना त्यांनी नेहमीच्या सवयीने केला, हातभर तुकडा, पेटीला लावतात तसलं पातळ चामडं आणि कापड. हवेला एकदम घट्ट. मी आत टॉर्च धरला तर सगळा तुकडा आतून गुलाबी उजळला, कानाच्या पाळीमागे बॅटरी धरल्यासारखा. काका म्हणाले "आयला", आणि तिथून पुढे त्यांनी ते काम मनावर घेतलं.

जुना भाता लाकडी चौकटीला सरसाने चिकटवून वर बारीक चुका (छोटे खिळे) मारलेल्या. चुका काढून गरम पाण्याचं ओलं फडकं अर्धा तास ठेवलं, सरस सुटला, भाता अख्खा निघाला. शिवण उसवून तो जमिनीवर पसरला आणि खाकी कागदावर गिरवून घेतला, आधी त्या कागदाचाच एक खोटा भाता घडी घालून बघितला. हे काकांचं डोकं, मी असतो तर डायरेक्ट कापड कापलं असतं. लांबी किती ठेवायची यावर जरा हुज्जत झाली, माझी लेन्स २१० एमएम, लांबचं काढायला २१ सेंटीमीटर पुरतात पण एखादी वस्तू फिल्मवर तिच्या खऱ्या आकाराएवढी हवी तर दुप्पट, ४२ लागतात, आणि पुढची फळी ज्यावर सरकते ते रूळही तेवढेच उघडतात. काकांनी वर थोडा सैल ठेवला, म्हणाले शेवटच्या घडीपर्यंत ताणलेला भाता वर्षात फाटतो, पेटीचा असो नाहीतर कशाचा.

बाहेरून काळं बाइंडिंगचं कापड, आतून काळं सुती, मध्ये ३०० जीएसएमच्या जाड कार्डाच्या पट्ट्या. पट्ट्या कापायचं काम माझ्या गळ्यात, दोन रात्री गेल्या. दोन पट्ट्यांमध्ये अडीच मिलिमीटर फट, तिथेच घडी पडते, आणि कोपऱ्यात पट्टीच नाही, तिथे नुसतं कापड मुडपायला मोकळं. सरसाऐवजी रबराचं सोल्युशन, कारण सरस वाळून कडक होतो आणि झुरळं खातात (माझ्या जुन्या भात्याचं निम्मं त्यांनीच खाल्लंय). खरी मजा घडी घालताना. काकांनी दोन्ही हातांच्या चिमटीत समोरासमोरच्या बाजू धरल्या, मग भाता फिरवून उरलेल्या दोन, परत फिरवून पहिल्या, एकेक घडी चढत गेली, एकही कोपरा दोनदा करावा लागला नाही. मी व्हिडिओ काढायचा विसरलो, बघतच बसलो. मग सगळा भाता मिटून कपड्यांचे चिमटे लावले आणि रात्रभर वर एक जुनी पेटी वजनाला.

आता मिटल्यावर जाडी सव्वातीन सेंटीमीटर, जुन्यापेक्षा थोडी जास्त पण झाकण लागतं. टॉर्च लावला तर शिवणीवर दोन ठिपके होते, तिथे काळं रबर पेंट मारलं. शिवण मुद्दाम खालच्या बाजूला घेतलीय, वरून ऊन येतं म्हणून. अजून जरा घट्टच आहे, झटकन ओढला तर मधे पोट आत जातं, त्यामुळे हळू उघडायचा आणि दहा सेकंद थांबायचं. मग लाल दिव्यात एक्स-रे फिल्म मापात कापली (स्वस्त पडते, फक्त दोन्ही बाजूंना इमल्शन, म्हणजे उजेड टिपणारा थर, असल्याने ट्रेमध्ये ओरखडे पडतात, सांभाळून), खिडकीशी आजीला बसवलं, लेन्सचं छिद्र बारीक करून एफ २२ वर, चार सेकंद. निगेटिव्ह धुवून दिव्यासमोर धरली तर चारही कडा काचेसारख्या साफ. आजीचा अंबाडा, खुर्चीची वेताची वीण, सगळं जागच्या जागी. तिचं मत विचाराल तर भाता छत्रीसारखा दिसतो, आधीचा मरून रंगाचा बरा होता.

मजुरी २८०० आणि सामान ९०० च्या आसपास. पाचपैकी चार देतो, एक कापला तो वेळेसाठी, आठ दिवस सांगून पाच आठवडे लावले आणि दर वेळी फोनवर "उद्या या". सोल्युशनचा वास पंधरा दिवस गेला नव्हता हेही आहे, काळ्या फडक्याखाली डोकं घातलं की गरगरायचं.

कोणी अशा कुठल्याही पेटीवाल्याकडे जाणार असाल तर जुना भाता कितीही चिंध्या झालेला असला तरी टाकू नका, सोबत न्या, सगळं माप त्यातच असतं. टॉर्च आपला आपण न्या. आणि गणपतीच्या आधीचे दोन महिने जाऊ नका, सगळ्या भजनी मंडळांच्या पेट्या तेव्हाच येतात आणि तुमचा कॅमेरा त्यांच्याखाली वजनाला जाईल.